डाव्या कडेचा माणूस

"बादली कुनी उचलली, ते सांगा की."

माझा तास चालू असताना मागच्या दारातून हे वाक्य आलं नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. साताऱ्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी परिचर्येचा इतिहास शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात, त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज परिचारिकांबद्दल सांगते. करडा झगा, खांद्यावर लाल केप, बोटीतून परमुलखात जाऊन वाळवंटात तंबू ठोकून दवाखाने चालवणाऱ्या त्या बाया. मुली मान वर करून ऐकत असतात, एखादीचे डोळेही भरून येतात. नेमका त्या वेळी हा माणूस दारात उभा राहून बादलीची चौकशी करायचा. मला भयंकर राग यायचा. खोटं कशाला बोलू, मला हा माणूस आवडत नव्हता.

तुम्ही कधी दवाखान्यात राहिला असाल तर ठाऊक असेल, वॉर्डातल्या कामाच्या माणसाला आपल्याकडे मामा म्हणतात आणि बाईला मावशी. यांना मामा म्हटलेलं चालायचं नाही. "मी कुनाचा मामा न्हाई. हवालदार म्हना." लष्करी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून सगळी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. आमच्याकडे प्रात्यक्षिकाची खोली त्यांच्या ताब्यात होती, म्हणजे बारा खाटा, रबरी पुतळे आणि कपाटभर बेडपॅन. त्या खोलीत प्राचार्य मॅडमसुद्धा विचारून जायच्या.

रोज सकाळी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणायचे आणि बाराही खाटांचे पाय तिच्या रेषेत आणायचे. चाकं सगळी आत वळलेली. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला. एका मुलीनं धीर करून विचारलं, "हवालदार, असं का?"

"वाळवंटात वारं दारातनं यायचं. वाळू उशीत शिरायची. मग सिस्टर वरडायची."

"पण साताऱ्यात वाळू कुठंय?"

"वाळू न्हाई म्हून शिस्त बी न्हाई व्हय गं?"

एकदा परीक्षेच्या दिवशी त्याच मुलीच्या उशीचं तोंड दाराकडं राहिलं. परीक्षक यायला दहा मिनिटं होती. हवालदारांनी तिची अख्खी खाट उसकटून चादर जमिनीवर टाकली. मुलगी रडायला लागली आणि मी सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले. मग मलाच म्हणाले, "झालं का मॅडम? आता तिला खाट करू द्या." तिनं केली. पहिली आली. पुढं ती सैन्यात परिचारिका झाली आणि दर दिवाळीला फोन करायची. मला नव्हे, त्यांना.

वाळवंटाची ही माहिती त्यांना वडिलांकडून मिळाली होती. वडील दुसऱ्या महायुद्धात लढायला म्हणून घरातून निघाले. भरतीवाल्यांनी जात विचारली आणि त्यांना वॉर्डातल्या घाणकामाला घेतलं. आधी वाळवंटातला दवाखाना, मग इटलीतला. माझ्या इतिहासात हा माणूस कुठे आहे, एवढंच हवालदारांचं माझ्याशी भांडण होतं. मी पुस्तक दाखवायची. "पुस्तकात नाही हो. मी तरी काय करू?"

"पुस्तक लिवणाऱ्याला कवा जुलाब झालं न्हाईत वाटतं," असं म्हणून ते निघून जायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "त्या बायकांनी काहीच केलं नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं कोन म्हनतंय? येक सिस्टर लय चांगली हुती. मानसं कमी पडली तवा तिनं सोता घाणीची भांडी उचलली. येक दिस. त्याचं पेपरात आलं. माजा बाप चार वर्सं उचलत हुता."

तरी पुढच्या वर्षी तास घेतला तो जसाच्या तसा. तोच झगा, तीच केप. अभ्यासक्रमाबाहेर जायला मी घाबरत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग कॉलेजची तपासणी आली. सभागृहात इतिहासाची भिंत करायचं ठरलं आणि मी जुने फोटो मागवले. हवालदार एका पांढऱ्या स्वच्छ अभ्र्यात गुंडाळून एक फोटो घेऊन आले. मोठ्या तंबूपुढे खुर्च्यांवर बसलेल्या सिस्टर, त्यांच्या मागे डॉक्टर. आणि अगदी डाव्या कडेला, कुणी बोलावलेलं नसताना येऊन उभा राहावा तसा एक काटकुळा माणूस. हातात बादली.

"ह्यो माजा बाप. त्वांड दिसतंय नव्हं?"

"दिसतंय की."

"आजून जरा मोठं करता यील?"

इतकी वर्षं माझ्या तासाला खोडा घालणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याकडे काहीतरी मागत होता. मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

फोटो स्टुडिओत मोठा करायला दिला. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्याचा फोन आला. मी पेपर तपासत होते. "मॅडम, डावीकडं थोडं जास्त होतंय. फ्रेममध्ये बसवून घेऊ का?"

"घ्या बसवून," मी म्हटलं आणि पुढचा पेपर ओढला.

शपथविधीच्या दिवशी हवालदार कोट घालून आले. छातीवर पदकं होती. पाहुण्यांनी पडदा सरकवला, टाळ्या झाल्या. हवालदार पुढं गेले. सिस्टर होत्या, डॉक्टर होते. डाव्या बाजूला लाकडी चौकट होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हितं हुता."

मी पुढं झाले. "हवालदार, फ्रेमच्या मापामुळं..."

"ठाव हाय. मापात बसत न्हाई त्यो."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या कार्यालयात दिल्या आणि खोली सोडून ते गावी निघून गेले.

महिनाभर मी येईल त्याला सांगत होते की चूक स्टुडिओवाल्याची. मग एका रविवारी पुरा फोटो पुन्हा करून घेतला आणि कवठे महांकाळच्या पुढं त्यांच्या गावी गेले. घर लहान, झाडलोट केलेलं, भिंतीवर बुद्धाचं चित्र. ते खाटेवर पडून होते, खूप वाळले होते. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी फोटो पुढं केला. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो हितं कशाला? घरात हायच की त्यो. तितं लावा."

"चूक माझी होती. फोन मला आला होता."

"मला ठाव हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मीही तसं समजून घेतलेलं नाही.

प्राचार्य मॅडमनी नवा फोटो लावायला नकार दिला. तपासणी झाली होती, भिंत पास झाली होती. एका बादलीवाल्या जमादारासाठी पुन्हा खिळे ठोकायचे का, असं त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका हवालदारांचा कधीच आला नव्हता. मी तो फोटो प्रात्यक्षिकाच्या खोलीत, दारासमोर, कुणालाही न विचारता लावला. तास आता तिथंच घेते आणि डाव्या कडेपासून सुरू करते. हे त्यांना कळवायचं म्हणून फोन केला, तर ते आठवड्यापूर्वीच गेल्याचं कळलं.

शोकसभा ठरली. कार्यालयातून निरोप आला, हार घालायला हवालदारांचा फोटो पाहिजे. त्यांनी आमच्याकडं पंधरा वर्षं काढली. दरवर्षी शपथविधीनंतर सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो, त्यामुळं मला वाटलं, एक सोडून पंधरा मिळतील. मी कपाटातून सगळे काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले. मुली उभ्या, आम्ही शिक्षिका पुढं खुर्च्यांवर. प्रत्येकात मी आहे, मध्यावर. डाव्या कडा पाहिल्या, उजव्या पाहिल्या, मागच्या खिडक्यासुद्धा पाहिल्या.

ते एकाही फोटोत नव्हते. आमच्या खुर्च्या मात्र पंधराही वर्षं सुतळी लावल्यासारख्या एका रेषेत होत्या.