बरणीतली भोगीची भाजी

वसुमतीबाईंनी स्वयंपाक करताना कधी चव बघितली नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं, हे सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सासूबाईंना जाऊन युग लोटलं, पण मल्लेश्वरमच्या त्या स्वयंपाकघरात त्यांचा वचक अजून शिल्लक होता. मिठाचा अंदाज बाई वाफेच्या वासावरून घेत. ऐकणाऱ्याला थाप वाटे, पण अंदाज चुकत नसे.

भोगीची भाजी तर त्यांचीच. वांगी, गाजर, ओले हरभरे, इथे कानडीत ज्यांना अवरेकाळू म्हणतात ते पावटे आणि वर तिळाचं सढळ हाताने कूट. त्यांची लेक शलाका हेब्बाळला राहते, तिथेच नोकरी करते. तिने एकदा ती बरणीत भरून ऑफिसात नेली, तर बरणी चाटूनपुसून परत आली. मग मैत्रिणी मागायलाच लागल्या. भोगी वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी असते, हे त्या पोरींच्या गावीही नव्हतं. बाईंना मात्र त्यात वाट दिसली. यजमान विद्याधरराव निवृत्त झाल्यापासून घरात दोन माणसं आणि दोन वर्तमानपत्रं एवढंच उरलं होतं. आपल्या नावाचं काहीतरी असावं, असं साठीला आल्यावर वाटलं तर बिघडलं कुठे? त्यांनी रीतसर परवाना काढला, टिकावी म्हणून पाणी न घालता तेलावर भाजी शिजवून बघितली, आणि कोपऱ्यावरच्या दयानंद अण्णांनी दुकानातल्या फ्रिजमध्ये त्यांच्या बरण्यांना एक कप्पा दिला.

सुरुवातीला बरण्या हातोहात गेल्या. मग बाईंना सर्दी झाली. नाक असं चोंदलं की वाफ आली, पण वास काही येईना. मीठ घातलं की राहिलं? काही कळेना, म्हणून त्यांनी आणखी घातलं. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकं बरण्या घेऊन दुकानात परत आली.

"अक्का, तोंडात घालवत नाही हो," अण्णा म्हणाले. ते मूळचे निपाणीचे, मराठीत कानडी मिसळून बोलायचे. "स्वल्प चव तरी बघायची की!"

"नैवेद्याच्या आधी? आमच्यात नाही चालत."

"मग आधी देवाला दाखवा, मग तुम्ही खावा, मग बरणी भरा. सरी, चालेल ना? सोमवारी आणा. पुन्हा असं झालं तर मात्र कप्पा दुसऱ्याला देणार बघा. मला गिऱ्हाईक सांभाळायला लागतंय."

घरी येऊन बाई चक्क रडल्या. "जाऊ दे गं, आपल्याला काय कमी आहे? पेन्शन येतेय की," विद्याधरराव समजुतीने म्हणाले. ते ऐकून बाईंचं रडणं थांबलं आणि त्यांना राग आला. कप्पा गेला तर पुन्हा ती दोन वर्तमानपत्रंच उरणार होती.

सोमवारी भाजी झाल्यावर त्यांनी आधी वाटीभर देवापुढे ठेवली. हात जोडले, सासूबाईंचीही मनातल्या मनात माफी मागितली. मग कढईतली चमचाभर भाजी घेऊन, फुंकर मारून तोंडात घातली. मीठ बरोबर होतं. कप्पा वाचला.

पण चमचा खाली ठेववेना. इतकी वर्षं ही भाजी त्यांनी खाल्ली होती ती सगळ्यांची पानं उठल्यावर, कढईच्या तळाशी उरलेली, गार. गरम असताना तीळ असा खमंग लागतो, वांगं जिभेवर असं विरघळतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लोक उगीच मागत नव्हते तर! त्यांचे डोळे आनंदाने भरून आले, आणि त्या होत्या तशा ओट्यापाशीच बसल्या. ताटलीत भाकरी घेतली, शेजारी चांगली डावभर भाजी वाढली.

"झाली का भाजी?" बाहेरून विद्याधररावांनी विचारलं. "मला वाढतेस ना?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "मी जेवतेय."