डिझेलमध्ये धुतलेली रबरं

जव्हारच्या बाजारात ब्रेकचं काम करणाऱ्या चाचांमुळे माझी नोकरी राहिली, आणि बहुधा जीपभर माणसांचे जीवही. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझीच मान खाली जाते.

मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. जव्हार-मोखाडा जीप चालवायचो. लायसन मालकाच्या कपाटात, झोपायला त्याचीच पडवी. पुढच्या चाकाचा ब्रेक गळायला लागला तेव्हा मालकाने चाचांकडे पाठवलं. तिथे चार गाड्या आधीच उभ्या. फेरी बुडेल म्हणून मीच चाक खोललं, ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं काढून डिझेलमध्ये चांगली घासून धुतली आणि परत बसवली. आम्ही सगळंच डिझेलमध्ये धुवायचो. मालकाला सांगितलं, "चाचांनी केलं."

तिसऱ्या दिवशी ब्रेकचं पायडल खाली बसायला लागलं. टायरच्या आतून तेलाचा ओघळ.

मालक म्हणाला, "चाचांनीच केलंय ना? मग थोडं ऑइल ओत न् चल. मोखाड्याचा बाजार आहे आज."

खरं बोललो तर हाकलणार, गप्प बसलो तर पुढे घाट. जीप भरली. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "डायवरदादा, ताप हाय का? घाम किती आलाय!"

स्टँडवरून काढलेली जीप मी थेट चाचांच्या दारात उभी केली. माणसं ओरडायला लागली. चाचांनी चाक खोललं, फुगलेलं रबर चिमटीत धरलं.

"डिझेलने आंघोळ घातलीस?"

मी मान डोलावली.

"अरे येड्या, डिझेल पिऊन रबर फुगतं, मग तेल सोडतं. याला फक्त ब्रेक ऑइलने धुवायचं."

तेवढ्यात स्टँडवरून मालक आला. "चाचा, तीन दिवसांत गळती? डोळे गेले काय तुमचे?"

मी तोंड उघडणार, तर चाचांनी ते रबर खिशात टाकलं. "गेले असतील, शेठ. चूक माझी. गाडी संध्याकाळपर्यंत हलणार नाही."

लोक दुसऱ्या जीपकडे गेले. जाताना एकजण म्हणालाच, "म्हाताऱ्याकडं गाडी नाय द्यायची आता."

चाचांनी नवी रबरं माझ्याच हातांनी बसवून घेतली. मग मला पायडल दाबून धरायला लावलं आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. "ओला झाला तर पुन्हा खोलायचं. लाजायचं नाही."

मालकाला खरं मी कधी सांगितलं नाही. चाचांनीही नाही. जव्हार आता सुटलं आहे; एक दिवस परत तिथे जाऊन, चाचांना शेजारी उभं करून, चारचौघांत मालकाला सांगणार आहे. अजून हिंमत झालेली नाही. पण जाणार.