लॉन्ड्रीचे अकरा जण आणि माझी एक्सेल शीट

“कोणाला काही प्रश्न?” मी विचारलं. समोर सगळे डिपार्टमेंट हेड्स बसलेले. एकही हात वर नाही. शेफ मोबाइलमध्ये, फ्रंट ऑफिसवाला घड्याळाकडे बघतोय. हे माझं तिसरं सेशन होतं आणि मालकांसमोरचा बजेट रिव्ह्यू चार दिवसांवर आला होता.

अंधेरी पूर्वेच्या एका हॉटेलात मी फायनान्स कंट्रोलर होतो. जीएमनी, म्हणजे जनरल मॅनेजरनी, फर्मान काढलं होतं, “सावंत, यंदा प्रत्येक हेड आपलं बजेट स्वतः मांडणार. त्यांना आकडे बोलता आले पाहिजेत. तू शिकव.” म्हणून मी पी अँड एल, म्हणजे नफ्यातोट्याचं पत्रक, स्लाइडवर लावून शिकवत होतो.

शिकवताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच रिव्ह्यूसाठी मी एक शीट आधीच मालकांना मेल केली होती. आपली लॉन्ड्री बंद करून काम बाहेर दिलं तर एका खोलीमागचा खर्च बराच कमी होतो, असं ती सांगत होती. लॉन्ड्रीत अकरा माणसं होती. त्यांच्या हेड सुनीता कांबळे समोरच बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या.

सेशन संपल्यावर जीएमनी दिलेली त्या शीटची प्रिंट घेऊन त्या माझ्या केबिनमध्ये आल्या.

“सर, खोलीमागचा खर्च कसा काढला?”

“लॉन्ड्रीचा एकूण खर्च भागिले भरलेल्या खोल्या.”

“आणि बाहेरचा माणूस काय काय धुणार?”

मी कोटेशन उघडलं. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल.

“बँक्वेट हॉलचे टेबलक्लॉथ? स्टाफचे युनिफॉर्म?” त्यांनी लॉन्ड्रीचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. “ते आम्हीच धुतो ना? लग्नाच्या सीझनमध्ये तर खोल्यांपेक्षा त्यांचेच ढीग जास्त असतात.”

आमच्या बाजूला सगळ्या हॉटेलचे कपडे होते, बाहेरच्या कंत्राटदाराच्या बाजूला फक्त खोल्यांचे. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून मी अकरा जणांची वाट लावायला निघालो होतो.

दोन दिवस आम्ही रजिस्टरमधून नग वेगळे काढले. त्या वाचायच्या, मी भरायचो. मध्येच उठून मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचो. “बसा ना सर,” त्या म्हणायच्या, “फिरून आकडा बदलत नाही.” शेवटी आमच्या आणि बाहेरच्या खर्चातला फरक जवळपास मिटला.

जीएम भडकले. “पाठवलेली शीट आता बदलणार? मालक म्हणतील, कंट्रोलरलाच हिशेब येत नाही.”

“म्हणू देत, सर.”

बोललो खरं, पण मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती.

रिव्ह्यूच्या दिवशी सुनीता मॅडमनी नवीन शीट मांडली. मालकांनी विचारलं, “आधीच्या शीटमध्ये चूक कोणाची?”

त्यांनी वहीचं पान उलटलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभा राहिलो. “माझी. चूक माझी आहे. कांबळे मॅडमनी पकडली.”

मालक मॅडमकडे वळले. “ठीक आहे. खर्च कमी कसा करणार ते सांगा.”

“रीवॉश कमी करून. म्हणजे डाग न निघाल्यामुळे पुन्हा धुवावे लागणारे कपडे. बँक्वेटची पोरं नॅपकिननी फरशी पुसतात, सर. त्यांना वेगळी फडकी द्या. पुसणं बंद झालं नाही, तर तो खर्च त्यांच्या बजेटमध्ये टाका.”

बँक्वेट मॅनेजर ताडकन उठला. “असं कसं?” पुढची वीस मिनिटं दोघं आकड्यांवरून भांडले. तीन सेशनमध्ये मला जमलं नव्हतं ते तिथे माझ्यासमोर चाललं होतं.

लॉन्ड्रीला सहा महिन्यांची मुदत मिळाली. पुढे ती टिकली, पण रिटायर झालेल्या दोघांच्या जागा भरल्या नाहीत. माझं इन्क्रिमेंट त्या वर्षी नावापुरतं झालं.

मॅनेजरना आकडे शिकवायचे असतील तर स्लाइड बनवू नका. त्यांच्याच डिपार्टमेंटची शीट हातात द्या आणि यात चूक शोधा म्हणा. बहुतेक वेळा सापडते. ती आपली असण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.