भुरका न मारता पांढरा रस्सा

मंडळी, आज दुपारी मुरगूडला सासऱ्यांनी भर पंगतीत माझ्या हातातली वाटी काढून घेतली. जावयाच्या हातातली! आणि मी त्यांचे आभार मानतोय.

झालं असं, परवा माझी अक्कलदाढ काढली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तंबाखू नको, जोरात चूळ नको, स्ट्रॉनं काही पिऊ नका." मी सगळं पाळत होतो.

आज सासूबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम बिनतिखटाचा पांढरा रस्सा कोमट करून वाढला. वाटी तोंडाला लावून भुरका मारणार, तोच मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती ओढून घेतली. "पावणं, काय करताय?"

"मामा, स्ट्रॉ कुठं हाय?"

"स्ट्रॉ न्हाय, पण वढणं तेच की! जखमेवरची रक्ताची गुठळी निघाली तर आतलं हाड उघडं पडतंय. माझं तसंच झालतं. कानापर्यंत ठणका, जीव नकोसा झालता."

मला पटेना. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतायत ते. चमच्यानं घ्या, ओढू नका."

चमच्यानं रस्सा? कोल्हापूरकरानं? मी तोंड पाडून बसलो.

तेवढ्यात मामांनी स्वतःसाठीही चमचा मागवला. ज्यांचा भुरका शेजारच्या गल्लीत ऐकू जातो, ते मामा आज माझ्या शेजारी बसून मुकाट्यानं चमच्यानं रस्सा प्यायले.

तुमच्या दुखण्यात तुमच्यासाठी असा आपला भुरका कुणी सोडलाय?