मुखवट्याची मागची बाजू

परदेशात लेकीकडे गेलो होतो. तिने राष्ट्रीय इतिहास संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे काचेच्या पेटीत एक पितळी मुखवटा होता. मी वाकून त्याची मागची बाजू बघू लागलो.

"बाबा, लोक समोरून बघतात."

तिला काय सांगणार? मुळशीला फौजदार असताना तपासलेला तो गुन्हा इतक्या वर्षांनीही डोक्यातून गेलेला नाही.

कोळवण खोऱ्यातल्या एका देवळातून ग्रामदेवाचा मुखवटा चोरीला गेला होता. तीन महिन्यांनी एका जीपवाल्याने खबर दिली, तसाच मुखवटा तिथल्याच एका फार्महाऊसच्या भिंतीवर टांगलाय. जप्ती केली. शहरातला मालक म्हणाला, रखवालदाराने आणून दिला. रखवालदाराचं चार तास एकच उत्तर, "बाजारात घेतला, सायेब." ओळख पटली नसती तर मुखवटा पुन्हा त्या भिंतीवर गेला असता.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, कागदावर भारी विश्वास. देवळाच्या म्हाताऱ्या गुरवाकडे फोटो मागितला, पावती मागितली.

"द्येवाची पावती कुटं आसती, सायेब? फोटू आमी काडू देत न्हाई. मुखवटा बशिवताना मेण लावतो मी, आतून माज्या हातचं मेण आसंल, त्ये बगा."

मुद्देमाल मागवला. मुखवटा लखलखत होता. आमच्या हवालदाराने चिंचेने घासून वर हार घातला होता. मेणाचा कण नाही.

"देव हाय, साहेब. पारोसा कसा ठेवायचा?" हवालदार म्हणाला.

"पुन्य तुमाला, पुरावा मोरीत," गुरव म्हणाला. "आता त्येला घरी न्या. माज्या बापानं दगडाच्या मापानं कड वाकवून घ्येतलीया."

पंच आणि रखवालदाराला घेऊन देवळात गेलो. शेंदूर फासलेल्या मूळ दगडावर आधी बाजारातून आणलेले दोन मुखवटे लावून बघितले. दोन्ही डुगडुगले. मग गुरवाने जप्तीतला टेकवला, जरासा फिरवला. पक्का बसला. काढायला गेलो तर निघेना.

मागून रखवालदार पुटपुटला, "तवा बी आसाच आडाकला हुता."

सगळ्यांनी वळून बघितलं. तो खाली बसला. "मालकाला कायतरी जुनं पायजे हुतं," एवढंच म्हणाला.

पुढे कोर्टाच्या हुकमाने मुखवटा देवळात परतला. मी मात्र एक शिकलो. वस्तू कोणाची हे कागदाआधी रोज हात लावणाऱ्याला विचारावं.

लेकीने पेटीवरची पाटी वाचून दाखवली. मूळ ठिकाण अज्ञात. मी पुन्हा वाकलो. त्या मुखवट्याची कडही एका जागी वाकवलेली होती. म्हणजे त्याच्या मापाचा दगड कुठेतरी आहे.

"बाबा, चला आता."

"थांब जरा," म्हटलं. "ह्याची फिर्याद कुणी दिलेलीच नाही."