पारोशी थुंकी

सुलोचना ही वर्ध्यातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. पोरगी बंगलोरला उंदरांचे मेंदू कापते, हे तिच्या वडिलांना, नानाजींना, शेवटपर्यंत चारचौघांत सांगता आलं नाही. ‘डॉक्टर आहे’ एवढंच ते म्हणत. मग गिऱ्हाइकाने पोटदुखीवर गोळी विचारली की ओव्याची पुडी बांधून देत.

त्या उंदरांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. जीव सतत भेदरलेला राहिला की रक्तात ताणाचं संप्रेरक, माणसांत ज्याला कॉर्टिसॉल म्हणतात ते, चढून राहतं आणि मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग झिजत जातो. १९९४ साली नानाजी गेले. आई एकटी पडली म्हणून ती परत आली आणि वर्ध्यातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवू लागली. उंदरांना मुद्दाम भेदरवण्याचा तिला वीट आला होता. आता तिला माणसांचं काय होतं ते बघायचं होतं.

चार वर्षांनी तिने वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या साठ बाया निवडल्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा दारूत बुडालेला. कॉर्टिसॉल थुंकीतही उतरतं. म्हणून जाग आल्याबरोबर, तोंड न धुता, नळीत थुंकायचं एवढंच काम. प्रयोगशाळेतले योगेंद्रभाऊ लुनावर जाऊन बर्फाच्या डब्यातून नळ्या आणत.

आकडे आले आणि सुलोचनाची झोप उडाली. तुलनेसाठी घेतलेल्या कॉलेजातल्या बायांच्या जवळजवळ दुप्पट. २००२ साली परदेशातल्या एका नियतकालिकाने तिचा लेख स्वीकारला. त्या लेखावर तिची प्राध्यापकपदाची बढती अडून होती. तिने नालवाडीत जाऊन बायांनाही आकडे समजावून सांगितले. त्यांतली कौशल्याबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, “घरचे म्हनत, नाटकं करून राह्यली. आता मशीनीनं सांगतलं ना.”

पुढच्या फेरीत योगेंद्रभाऊ तापाने पडले, म्हणून सुलोचना स्वतः पहाटे नालवाडीला गेली. कौशल्याबाई मोरीशी बसून भाजलेल्या तंबाखूचं मंजन दातांना घासत होती. सावकाश घासून झालं, चूळ भरली, मग शेजारची नळी उचलून ती तिच्यात थुंकली.

“अवो, आधी मंजन काऊन घासलं?”

“मंग? पारोश्या तोंडाचं तुमाले देऊ का बाई? लाज नाई वाटनार?”

सुलोचना पायरीवर बसली. तंबाखूने कॉर्टिसॉल चढतं, हे ती वर्गात शिकवत असे. दहा दारं फिरली. नऊ घरांत हेच. डॉक्टरबाईंना द्यायचं म्हणजे स्वच्छ द्यायचं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. तिची स्वतःची आई रोज पहाटे असंच मंजन घासायची, आणि त्याआधी कोणाला पाण्याचा पेलाही द्यायची नाही. हे सगळं बघत वाढलेल्या बाईला ते एकदाही आठवू नये, याची तिला सणसणीत चीड आली. बायांची नाही, स्वतःची.

विभागप्रमुख धनंजय सर भला माणूस. तिने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “परदेशात कोणाले मालूम, मॅडम? छापून येऊ द्या. बढती झाली की पुढच्या लेखात दुरुस्त करजा.”

तिला मोह झाला, खोटं कशाला बोला. आठ दिवस ती पत्र लिहायची आणि फाडायची. नवव्या दिवशी लेख मागे घेतल्याचं पत्र टपालात पडलं. बढती गेली. सर पुढे वर्षभर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

याहून अवघड काम नालवाडीत होतं. बाया समाजमंदिरात जमल्या. आकडे चुकीचे होते, तुमची काही चूक नाही, मीच नीट बघितलं नाही, असं तिने सांगितलं. बऱ्याच बाया ‘असू द्या बाई’ म्हणून उठल्या. कौशल्याबाई उठली नाही.

“म्हंजे आमाले तरास नव्हताच म्हना.”

आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं घरच्यांचं ऐकून घेतलं तसंच हेही ती ऐकून घ्यायला बसली होती. सुलोचना तिच्यासमोर खाली बसली.

“होता, कौशल्याबाई. मलेच मोजता नाई आला.”

“मंग हे आमच्या घरी येऊन सांगान का?”

सुलोचना त्याच पावली तिच्यासोबत निघाली.