शेवटच्या पानावरचा फुगा

सुपरहिरोंवर माझं प्रेम होतं, पण माझ्या दोस्ताइतकं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. एकाच गल्लीतले आम्ही. पैठण गेटजवळच्या लायब्ररीतून भाड्यानं हिंदी कॉमिक्स आणायचो. मला आवडायचे ते खलनायकाला मारण्याआधी झणझणीत काहीतरी सुनावणारे हिरो. मी संवाद पाठ करून मोकळा व्हायचो. तो मात्र वळलेल्या मुठीत अंगठा कुठं येतो, उडताना टाच कशी दिसते, हे बघत बसायचा. त्याचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात त्याला घरातूनच मिळाला होता.

दहावीनंतर आम्ही स्वतःचाच हिरो काढला. तो दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत राहायचा, दगडातून आरपार जायचा आणि मुख्य म्हणजे आमच्या गल्लीत रोज नळाला पाणी आणायचा. याहून अचाट शक्ती आम्हाला सुचली नाही. पद्धत ठरलेली होती. गोष्ट दोघांनी मिळून रचायची, चित्रं त्यानं काढायची, बोलण्याचे फुगे रिकामे सोडायचे आणि वही माझ्याकडे द्यायची. फुगे भरणारा लेखक मी. अशा चार वह्या झाल्या. गल्लीतली पोरं वाचायला नंबर लावायची तेव्हा मी फार भाव खायचो.

पाचव्या वहीत हिरो कड्याखाली गाडला जातो आणि शेवटच्या पानावर डोंगर फोडून बाहेर येतो. त्या पानावर दोस्तानं अर्ध्या पानाएवढा फुगा सोडला होता. म्हणाला, "इथं असं लिव्ह, की वाचणाऱ्याच्या अंगावर काटाच आला पाहिजे."

मी वही घरी नेली आणि कपाटात टाकली. कॉलेजात कविता करणाऱ्यांत माझी ऊठबस सुरू झाली होती आणि खरं सांगायचं तर मला कॉमिक्सची लाज वाटायला लागली होती. तो भेटला की विचारायचा, "डायलॉग झाले का रे?" मी म्हणायचो, चालू आहे. "लई भारी लिव्ह. घाई नाय."

तेवढ्यात शहरात फ्लेक्स आले. आठ दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळायला लागली आणि अब्बांचे ब्रश डब्यात वाळून गेले. घर चालवायला तो वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागला. "वही झाली की सोडतो," म्हणाला. आमची वही छापली जाईल, असा त्याचा खराच विश्वास होता. माझा नव्हता, आणि तसं सांगायची हिंमत मी केली नाही. काही महिन्यांनी प्रेस खाली आला तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली.

भेटायला गेलो तेव्हा तो घरी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या अम्मी माझ्यापुढं चहा ठेवून आत गेल्या. त्यानं पहिली विचारली ती वही. "झाले का डायलॉग?"

वही माझ्या पिशवीत होती. का घेऊन गेलो होतो कोण जाणे. मी म्हणालो, "झाले की."

"मग वाच."

आणि मी वाचलं. वही माझ्याकडे तोंड करून धरली आणि वीस पानांचे रिकामे फुगे बघत तोंडाला येईल ते बोलत गेलो. शेवटच्या पानावर काय बोललो ते मला सांगता येणार नाही, पण चांगलं असावं, कारण तो रडायला लागला. मीही रडलो. तेवढं चांगलं मी नंतर कधी लिहिलं नाही, आणि तेही लिहिलं नव्हतंच.

डोळे पुसून तो म्हणाला, "शेवटचं परत वाच ना."

मी पानाकडे बघत राहिलो. एक शब्द आठवेना. दोन-तीन वाक्यं कशीबशी जुळवली, ती वेगळीच निघाली. मग त्यानं डावा हात पुढं करून वही स्वतःकडे वळवली. त्यानंच आखलेला तो मोठा फुगा, कोराच्या कोरा. मागची पानंही त्यानं एकेक करून उलटून पाहिली. डाव्या हातानं वेळ लागत होता. मग वही मिटून मला परत दिली.

"राहू दे," तो म्हणाला. "घाई नाय म्हणलो होतो मीच."